पास झालेली सहल

२ मे, गुरुवार

आजपासून रोजनिशी. कारण: घरात एकाच माणसाला डोकं आहे आणि त्याचं कोणी ऐकत नाही. निदान वही तरी मध्ये बोलणार नाही.

घटना: कन्येला नोकरी लागली. विमानानेच जावं लागेल इतकी लांब. बारा जूनला जाणार. जेवताना म्हणाली, बाबा, जायच्या आधी आपण तिघंच कुठेतरी जाऊ या का, चार दिवस? परत कधी जमेल, सांगता येत नाही. तिला तळं, झाडी, असलं काहीतरी हवंय. हिला, म्हणजे आमच्या गृहमंत्र्यांना, शहर हवंय. तेही अमुकच. ही शाळेत असताना ज्या शहरात राहायची ते. घड्याळाचा टॉवर, म्युझियम, शाळेची गल्ली. टॉवरवर चढून लेकीला स्वतःचं जुनं घर दाखवायचंय म्हणते. सुदैवाने तळं त्या शहरापासून बसने तीनेक तासांवर आहे. दोन दिवस शहर, दोन दिवस तळं. मी म्हटलं, सगळं माझ्यावर सोडा.

ही हसली. हसण्यासारखं काय होतं ते मी विचारलं नाही. विचारलं की सांगते.

३ मे, शुक्रवार

नियोजन म्हणजे काय हे या घराला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मी बॅगांच्या कारखान्यात क्वालिटीचा हेड आहे. माझ्या सहीशिवाय एक बॅग गेटबाहेर जात नाही. पद्धत अशी: प्रत्येक लॉटमधून एक नग काढायचा. उंचावरून आपटायचा. झिप उघड-बंद करत राहायची. खडबडीत पट्ट्यावर जागच्या जागी पळवायचा. मोडेपर्यंत. कुठे मोडला ते लिहायचं आणि मोडलेला नग कटरने कापून टाकायचा, म्हणजे कोणी गुपचूप विकायला नको. मग उरलेला लॉट पास.

जग फिरतं ते माझ्या जिवावर. मी स्वतः फारसा फिरलेलो नाही, पण माझ्या बॅगा कुठे कुठे जाऊन आल्यात.

ठराव: सहल याच पद्धतीने. एकही ठिकाण तपासल्याशिवाय नाही.

५ मे, रविवार

साडू आला. हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. रंगाचं दुकान आहे. मनात आलं की दुकानाला कुलूप लावतो आणि गाडी काढून निघतो. कुठे, विचारलं तर म्हणतो, रस्ता नेईल तिकडे. रस्ता काय याचा मामा लागतो? गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही. बाहेरून कोणीतरी उघडावं लागतं. अशा गाडीतून हा इसम बायकोला घेऊन अर्धा देश फिरलाय. नंतर फोटो दाखवतो. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचा अंगठा.

आजही दाखवले. पन्नास तरी. डोंगर आणि अंगठा. धबधबा आणि अंगठा. कन्या हसत हसत बघत होती. काका, हे कुठलं, काका, ते कुठलं. त्याला एकाही जागेचं नाव आठवेना.

म्हणाला, साडूभाऊ, कशाला डोक्याला ताप? माझी गाडी आहे, पाचही जण जाऊ. मी म्हटलं, आभारी आहे, आमचं नियोजन चालू आहे. त्याने विचारलं, तिकिटं काढली? मी म्हटलं, आधी नियोजन, मग तिकीट. तो म्हणाला, बरं.

ते 'बरं' मला आवडलं नाही.

८ मे, बुधवार

टॉवरला पायऱ्या आहेत. तळ्यावर चढण आहे. ठराव: उद्यापासून पहाटे उठून चालणे. नवे बूट आणले. ही म्हणाली, मागच्या वर्षीचे आहेत की डब्यातच. मी म्हटलं, ते मागच्या वर्षीच्या ठरावाचे.

९ मे

उठलो नाही. झोप पुरी होणं हाही फिटनेसच.

१० मे

उठलो. बूट चावले. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत गेलो. बाक चांगला आहे.

११ मे, शनिवार

नेटवर लोकांचे अभिप्राय वाचत बसलो. लोकांच्या अकलेची कीव येते. एक लिहितो, तळं छान आहे. छान म्हणजे किती? दुसरी लिहिते, शब्दच नाहीत. मग लिहिलं कशाला? तिसऱ्याने पाच तारे दिलेत आणि कारण काय, तर त्याचं त्या दिवशी लग्न ठरलं. याला क्वालिटी रिपोर्ट म्हणायचं! कठड्याची उंची कोणी लिहीत नाही. बोटीतल्या लाइफ जॅकेटच्या झिपा लागतात का, एका शहाण्याने बघितलेलं नाही.

कन्येने विचारलं, बाबा, बुकिंग करू का मी? मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. तळ्यावरचं लॉज भरत चाललंय म्हणे. मी म्हटलं, दोन मिनिटांत झालेलं काम दोन मिनिटांच्याच लायकीचं असतं. ती म्हणाली, बरं.

हे 'बरं' तिने साडूकडून उचललंय.

१४ मे, मंगळवार

कन्येला परदेशी न्यायला कारखान्यातून उत्तम बॅग आणली. मोठी, चार चाकी, निळी. घरी आणली तरी पद्धत ती पद्धत. बॅगेत जुने रद्दीतले कॅटलॉग ठासून भरले आणि इमारतीच्या जिन्यावरून खाली-वर ओढायला घेतली. पहिल्या फेरीला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं. दुसऱ्या फेरीला विचारलं, भाऊ, सगळं ठीक आहे ना? तिसऱ्या फेरीला त्या वर जाऊन हिला म्हणाल्या की नवराबायकोत होतंच असं, पण या वयात घर सोडून जाऊ देऊ नका.

ही बाहेर आली आणि म्हणाली, जात नाहीयेत हो ते कुठेच, तीच तर रड आहे.

चौथ्या फेरीला हँडल तुटलं. टेस्ट उत्तम झाली. कन्या तुटलेलं हँडल हातात घेऊन बघत राहिली. चांगली होती की रे बाबा, म्हणाली. मी म्हटलं, चांगली असती तर तुटली असती का? दुसरी आणीन.

१६ मे, गुरुवार

मॅनेजरकडून रजा मंजूर. तीन दिवस. सहा ते आठ जून, आणि नऊचा रविवार आपलाच. झाले चार. मॅनेजर म्हणाला, तीन म्हणजे तीन, त्याच आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर येतोय, खरं तर तुम्ही इथे हवेत. मुलगी चाललीय म्हणून देतो. मी म्हटलं, चिंता नसावी. मॅनेजरला माझ्याशिवाय चैन पडत नाही, हे नव्याने कळलं.

घरी सांगितलं. कन्येने येऊन गळ्यात हात टाकले. खरं लिहायचं तर बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१९ मे, रविवार

शहराची पाहणी आटोपली. पहाटेच्या गाडीने गेलो, संध्याकाळी परत. एकटा. एका दिवसात शहर बघता येत नाही म्हणणारे लोक आळशी असतात.

म्युझियम: आत बसायला बाक कमी. एका बाकावर बसून, उठून, जरा आपटून बघितलं. पहारेकरी धावत आला. म्हणाला, काका, तो बाक बघायला मांडलेला आहे, दीडशे वर्षांचा. मी म्हटलं, मग डुगडुगतोय तो. बाहेर काढलं मला. म्युझियम: शेरा राखून.

शाळेची गल्ली: सापडली. शाळेच्या जागी मोबाइलचं दुकान. हिला सांगावं की नाही, विचार चालू. पास.

टॉवर: नापास. जिना अरुंद. पायऱ्या झिजलेल्या. हवा खेळती नाही. मी अर्ध्यापर्यंत जाऊन परत आलो, कारण अर्ध्यावरून पुढचा अंदाज येतोच. माझ्यामागून वर चढणाऱ्या एक आजीबाई म्हणाल्या, बाळा, बाजूला हो, मला जाऊ दे. बाळा!

२० मे, सोमवार

पायांनी संप पुकारलाय. कामावर खुर्ची सोडली नाही. झिप विभागातली बाई विचारत होती, साहेब, काय झालं. फील्ड वर्क, म्हटलं.

२२ मे, बुधवार

जेवणाच्या टेबलावर शहराचा रिपोर्ट वाचून दाखवला. टॉवर नापास म्हटल्यावर हिने ताट सरकवलं. म्हणाली, अहो, मी आठवीत असताना रोज शाळा सुटली की त्यावर चढायचे. मी म्हटलं, तेव्हा तो नवीन असेल. ती म्हणाली, तो तीनशे वर्षांचा आहे. मी म्हटलं, तेच सांगतोय.

तडजोड सुचवली: टॉवर खालून बघावा. खालूनही घड्याळ तेवढीच वेळ दाखवतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी ती स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली. भांड्यांच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, हे एक बरं.

२४ मे, शुक्रवार

आता तळं. तळं लांब. एका रविवारात बसत नाही. त्यामुळे रविवारी जायचं, राहायचं, सोमवारी दुपारी परत. रजा एकच दिवसाची जाईल. ती भरून निघेल. मॅनेजर काय, नाही थोडंच म्हणणार आहे. बावीस वर्षांची नोकरी.

हिचं म्हणणं: अहो, सहलीची तालीम करतं का कोणी? उंटावरचे शहाणे तुम्ही. दुर्लक्ष केलं.

कन्येचं म्हणणं: बाबा, मग मीपण येते तुझ्याबरोबर. मला काय, सुट्टीच आहे. आपण दोघंच जाऊ. तेवढंच.

मी समजावून सांगितलं. चाचणीच्या वेळी गिऱ्हाईक हजर नसतं. गिऱ्हाइकाने मोडका नग बघायचा नसतो, त्याला फक्त पास झालेला माल दिसला पाहिजे. कारखान्याची रीतच आहे ती. तिने विचारलं, मी गिऱ्हाईक? मी म्हटलं, या संदर्भात, हो.

ती दारापर्यंत गेली. मग म्हणाली, पाण्याची बाटली घेऊन जा, विसरशील.

२६ मे, रविवार. लॉजवर

पाण्याची बाटली विसरलो.

पहिली बस चुकली. स्टँडवरच्या फरशीवर बॅगेची चाकं तपासत होतो (फरशी खडबडीत, हिची टाच अडकेल, नोंद केली) तोवर बस डोळ्यांदेखत गेली. कंडक्टरने हातसुद्धा हलवला. दुसरी बस वाटेतल्या प्रत्येक झाडापाशी थांबते. पोचेपर्यंत दिवस मावळला. काही दिसलं नाही. गाद्या ठीक. उशा नापास.

२७ मे, सोमवार. लॉजवरच

बोट बंद. सोमवारी सुट्टी असते म्हणे. पाण्याला कसली सुट्टी? लॉजच्या मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, पाण्याला नाही, बोटवाल्याला. उद्धट माणूस.

बोट तपासल्याशिवाय परत जाणं म्हणजे अर्धी बॅग तपासून सही करणं. थांबलो. कामावर फोन केला. मॅनेजर विचारत होता, ही रजा सहा तारखेच्या रजेतली धरायची का? रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. रेंज चांगली होती. रेंज: पास.

२८ मे, मंगळवार. लॉजवरच

सकाळी माथ्यावर गेलो. झाडीतून पायवाट आहे, शेवटी कठडा, आणि कठड्यापलीकडे खाली तळं. हीच ती जागा. सगळे फोटो इथलेच असतात.

मी तळं बघितलं नाही.

हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला कळणार नाही. वर पोचायच्या आधीच मान खाली घातली, कठड्यापर्यंत गेलो आणि पाण्याकडे पाठ करून उभा राहिलो. कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितला. बाकावर बसून बघितलं. पायवाटेतले निसरडे दगड मोजले. चहाच्या टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, अहो काका, एवढे वर आलात, जरा वळून तरी बघा. मी म्हटलं, आठ तारखेला बघणार आहे. सहकुटुंब. त्यांनी चहा दिला आणि मग माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यांना काय सांगणार? ते तळं तिघांनी एकदम बघायचंय. मला कन्येच्या तोंडाकडे बघत बघत बघायचंय. आधीच बघून ठेवलं, तर त्या दिवशी मला नवल वाटल्याचं सोंग आणावं लागेल, आणि माझं सोंग तिला लहानपणापासून ओळखता येतं. माथा: पास. या सगळ्या उपद्व्यापात बिनशर्त पास झालेली ही एकच जागा.

दुपारी बोट. लाइफ जॅकेट घालून झिप ओढली, तर झिप हातात आली. बोटवाल्याला झिपेच्या दर्जाबद्दल चार शब्द ऐकवले. तो म्हणाला, काका, बसायचंय की शिकवायचंय? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी दोन्हींचं महत्त्व पटवून देत होतो, तोवर परतीची शेवटची बस गेली.

२९ मे, बुधवार. बसमध्ये

परत निघालो. सोमवार, मंगळवार, बुधवार. हिशेब सहलीनंतर करू. महत्त्वाचं काय, तर सहल आता शंभर टक्के तयार आहे. तिच्यात एक खोट उरलेली नाही.

३० मे, गुरुवार

मॅनेजर नाही म्हणाला.

आधी मला वाटलं, गंमत करतोय. त्याने रजिस्टर फिरवून माझ्यासमोर ठेवलं. तीन मागितल्या होत्या, तीन घेतल्या. मी म्हटलं, ती रजा नव्हती, ती पूर्वतयारी होती. तो म्हणाला, तळ्याकाठी? मी म्हटलं, बावीस वर्षं. तो म्हणाला, म्हणूनच इन्स्पेक्टरपुढे तुम्हीच हवेत, दुसऱ्या कोणाला कुठे येतं एवढं. याला स्तुती म्हणावं की काय, कळेना. एरवी मी आनंदाने घरी सांगितलं असतं.

घरी काही सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगावं. माणसाने वेळ ओळखावी.

३१ मे, शुक्रवार

योग्य वेळ यायच्या आधी मॅनेजरनेच घरी फोन केला. माझं चष्म्याचं घर टेबलावर राहिलं होतं ते सांगायला. आणि वर हिला म्हणाला, सॉरी वहिनी, सहलीचं जमलं नाही.

मी घरी पोचलो तेव्हा दोघी टेबलाशी बसल्या होत्या. मी परिस्थिती विशद केली. मॅनेजरचा दोष, बोटवाल्याचा दोष, सोमवारचा दोष. ही एक अक्षर बोलली नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत मी असली शांतता ऐकलेली नाही, आणि आमच्याकडे पट्टे बंद पडल्यावर फार शांत होतं.

मग कन्येने विचारलं, बाबा, तुमच्या कारखान्यात लॉटमध्ये एकच बॅग असेल तर काय करता?

मी म्हटलं, एका नगाचा लॉट येतच नाही.

नाही येत ना, म्हणाली, आणि आत गेली.

प्रश्न तांत्रिकदृष्ट्या चुकीचा होता. तरी झोपेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

२ जून, रविवार

साडू आला. कोणी बोलावलं माहीत नाही, म्हणजे माहीत आहे. दारातूनच ओरडला, चला, सहा तारखेला सकाळी निघू, मी दुकानाच्या शटरवर पाटी लावलीसुद्धा. बुकिंग? नाही. लॉज फुल आहे, कन्येने सांगितलं. तो म्हणाला, मग दुसरीकडे झोपू, जमीन काय कुठे जात नाही. मी माझा तक्ता त्याच्यापुढे ठेवला. टॉवर नापास, दगड निसरडे, बोटीची झिप, सगळं लाल शाईत. त्याने वाचला. मनापासून वाचला, खोटं कशाला बोलू. म्हणाला, साडूभाऊ, तुम्ही कमाल आहात, तुम्हालाच न्यायला पाहिजे होतं हो.

मग तक्ता माझ्यापाशीच ठेवून गेला.

६ जून, गुरुवार

गेले. पाच जणांच्या गाडीत चार. मागचं दार मी बाहेरून लावून दिलं. कन्येने बॅग नेली नाही, कॉलेजची जुनी सॅक नेली. एक बंद तुटका. मी म्हटलं, टिकणार नाही. ती म्हणाली, चार दिवस टिकली की झालं बाबा.

इन्स्पेक्टर सकाळी दहाला आला. मी सहा बॅगा मोडायच्या तयारीने उभा. त्याने एक उचलली, झिप एकदा लावली, एकदा काढली, आणि गुड म्हणाला. सही. जेवायच्या आधी संपलं. परत जायच्या विमानाला अजून तीन दिवस आहेत, जवळपास बघण्यासारखं काय, असं विचारत होता. मी तक्ता दिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला. एवढ्या मोठ्या जगात एका तरी माणसाला त्याची किंमत कळली.

मॅनेजर संध्याकाळी येऊन म्हणाला, काम तर उरकलं, उद्या-परवा जायचं तर जा, मी बघतो रजिस्टरचं. आता म्हणतोय! वरातीमागून घोडं.

७ जून, शुक्रवार

तरी गेलो नाही. मधूनच घुसायचं म्हणजे कसंतरी वाटतं. शिवाय आज ते शहरात, टॉवर आपण नापास केलेला.

दुपारी बारा वाजता हिचा फोन. टॉवरच्या टोकावरून. धापा टाकत होती आणि हसत होती. शाळेची जागा दिसतेय म्हणाली, मोबाइलचं दुकान झालंय, आम्ही त्यातूनच कन्येच्या फोनचं कव्हर घेतलं. मागून कन्या ओरडत होती, आईचं घर सापडलं, आईचं घर सापडलं. मग हीच म्हणाली, अहो, तुम्ही... आणि तेवढ्यात घड्याळाचे टोले सुरू झाले. बारा. ते संपेपर्यंत फोन कट झाला. मी काय, ते राहिलंच.

पुन्हा कन्येचा फोन. बाबा, ये ना. उद्या सकाळी तळ्यावर पोच. आम्ही माथ्यावर तुझी वाट बघतो, तू आल्याशिवाय कठड्यापाशी जातच नाही.

ठराव: उद्या पहिल्या बसने तळ्यावर. पक्का. बॅग भरली. पाण्याची बाटली बॅगेच्या वरच ठेवली. गजर दोन लावले. घोडामैदान जवळ आहे, साडूला म्हणावं.

८ जून, शनिवार

पहाटे गजराआधीच उठलो. दाढी, अंघोळ, सगळं. स्टँडवर वेळेच्या आधी. पहिली बस आली. पुढचा टायर जरा बसल्यासारखा वाटला. ड्रायव्हरला सांगितलं. त्याने बुटाने एक लाथ मारून बघितलं आणि म्हणाला, चालतंय. चालतंय! याला तपासणी म्हणत असतील तर मग बोलणंच खुंटलं. मी म्हटलं, मी दुसऱ्या बसने येईन. दुसरी बस झाडाझाडापाशी थांबणारी. म्हणजे पोचायला संध्याकाळ. संध्याकाळपर्यंत त्यांना ताटकळत ठेवणं बरोबर नाही. कन्येला कळवलं की थांबू नका, टायरचा प्रॉब्लेम आहे. ती म्हणाली, कुठे अडकलास? मी म्हटलं, स्टँडवर. ती म्हणाली, बरं.

घरी आलो. बाटली तशीच भरलेली.

दुपारी

पहिली बस वेळेवर पोचली, असं डेपोत फोन केल्यावर कळलं. योगायोग.

संध्याकाळी

कन्येने फोटो पाठवला. माथ्यावरचा. ही, हिची बहीण, मध्ये कन्या, तिघींचे केस वाऱ्याने उडालेले, तिघी कशाला तरी पोट धरून हसतायत. मागे तळं आहे. असणार. साडूचा अंगठा नेमका त्याच्यावर. टपरीवाल्या मावशींनीच राहायला वरची खोली दिली म्हणे, आणि विचारत होत्या, ते पाठ करून उभे राहणारे काका आले नाहीत का.

फोटोखाली तिने लिहिलंय: बाबा, फोटोत काही येत नाहीये रे. पण तू बघितलंयस ना. तू आला होतास तेव्हाही पाणी असंच हिरवं होतं का?

अंगठ्याच्या कडेने जरासं काही दिसतं का, मोठं करून बघितलं. नाही दिसत.

हो, असंच होतं, असं कळवलं.

कठडा मजबूत आहे, हेही कळवलं. ते मी स्वतः हलवून बघितलं होतं.